दम सुधारतोय, पण गुडघा ऐकत नाही : फुप्फुसाच्या जुन्या आजारात व्यायाम करताना सांधे दुखले तर

आमच्या खान्देशात सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन दम लागणारा फुप्फुसाचा जुना आजार) हा शब्द फार कमी घरांत बोलला जातो. 'जुना दमा' म्हणतात, नाहीतर 'छाती भरते'. कारणं वेगवेगळी असतात. कुणाची चाळीस वर्षांची बिडी, कुणाची चुलीपुढे गेलेली हयात, कुणी जिनिंगमध्ये कापसाच्या धुळीत काम केलेलं, कुणाला पूर्वी टीबी होऊन गेलेला आणि फुप्फुस तेवढ्या भागात कायमचं आखडलेलं. औषधांइतकाच या सगळ्यांना उपयोगी पडतो तो फुप्फुसांच्या पुनर्वसनाचा कार्यक्रम, म्हणजे साधारण ६ ते १२ आठवडे, आठवड्यातून दोन-तीन वेळा देखरेखीखाली केलेला व्यायाम आणि सोबत श्वासाचं, औषधांचं, आहाराचं शिक्षण.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. हा कार्यक्रम अर्ध्यावर सोडणारे लोक मी बरेच पाहिले, आणि त्यातल्या पुष्कळांनी तो दम लागतो म्हणून सोडलेला नसतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आबा येऊन बसतात आणि म्हणतात, "मना गुडघा दुखस." मग घरचे म्हणतात, राहू द्या, वय झालं. चालणं बंद होतं, मांडी बारीक होते, महिन्याभरात तेवढ्याच कामाला जास्त धाप लागते आणि गुडघाही जास्त दुखतो. हा लेख त्या दुसऱ्या आठवड्यासाठी आहे. सांधा दुखतो म्हणून व्यायाम सोडायचा नाही, व्यायामाची रीत बदलायची. त्याआधी दुखणं नेमकं कुठलं हे मात्र शोधावंच लागतं.

पहिली पायरी : आधी कोण थांबवतं, दम की सांधा?

सपाट रस्त्यावर नेहमीच्या चालीने चाला आणि थांबावं लागेल तिथे स्वतःला विचारा, मी कशामुळे थांबलो? दम किती लागला त्याला १० पैकी गुण द्या, दुखलं किती त्यालाही १० पैकी गुण द्या. दोन्ही आकडे वहीत लिहा, तारखेसकट.

जिना ही आणखी सोपी परीक्षा. चढताना त्रास जास्त, तर बहुधा दम अडवतोय. उतरताना त्रास जास्त, तर बहुधा गुडघा, कारण उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूला शरीराचं वजन आवरून धरावं लागतं आणि वाटीवर दाब वाढतो. तुमच्या फिजिओथेरपिस्टला किंवा डॉक्टरला एवढंच सांगितलंत, "चढताना दम ७, गुडघा २, उतरताना दम ३, गुडघा ६", तरी त्यांचं निम्मं काम होतं. सहा मिनिटं चालण्याची चाचणी करतानाही सांधा दुखला असेल तर तसं नोंदवायला सांगा. नाहीतर कमी चाललेलं अंतर पाहून फुप्फुसाचा दोष समजला जातो आणि औषध वाढतं, प्रत्यक्षात अडवत असतो गुडघा.

दुसरी पायरी : दुखणं येतंय कुठून

सगळ्यात नेहमीचं कारण साधं आहे. वयानुसार गुडघ्यातली गादी झिजलेली असते आणि तिला सांभाळणारी मांडी कमजोर झालेली असते. सीओपीडीत मांडीचे स्नायू लवकर खंगतात. दम लागतो म्हणून माणूस बसून राहतो, शरीरात सतत थोडी सूज असते, खाणं कमी होतं. अशा मांडीवर एकदम अर्धा तास चालण्याचा भार टाकला की सांधा तक्रार करणारच. हे दुखणं चालताना वाढतं, बसलं की कमी होतं, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासात जातो. या प्रकाराला व्यायाम हाच मुख्य उपचार आहे.

दुसरं कारण औषधांतलं, आणि इथे जरा थांबून वाचा. दम वाढला की स्टेरॉइडच्या गोळ्या काही दिवस देतात. तेवढा कोर्स गरजेचा असतो आणि तो जीव वाचवतो. पण वर्षातून चार-पाच वेळा असे कोर्स झाले, किंवा कुणी महिनोन्महिने गोळी चालू ठेवली, तर हाडं ठिसूळ होतात, मांडी-खांद्याचे स्नायू ढिले पडतात, आणि काहींत खुब्याच्या सांध्यातल्या हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा तुटून हाड आतून खचतं. जांघेत दुखतं, मांडी घालून बसता येत नाही, लंगडत चालावं लागतं, तर गुडघ्याला बाम चोळत बसू नका. खुब्याचं दुखणं गुडघ्यातही जाणवतं. सुरुवातीला साध्या एक्स-रेत हे दिसेलच असं नाही, एमआरआय लागू शकतो.

बरेच दिवस घेतलेली स्टेरॉइडची गोळी एकदम बंद केली तरी अंग आणि सांधे ठणकतात, चक्कर येते, रक्तदाब घसरतो. ती उतरवायची तर डॉक्टरच्या सांगण्याने, टप्प्याटप्प्याने. आणि कृपा करून या भीतीने श्वासातून ओढायच्या औषधाचा पंप बंद करू नका. पंपातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं, गोळीतलं मिलिग्रॅममध्ये. दोन्ही एका मापात मोजू नयेत.

छातीत जंतुसंसर्ग झाल्यावर लिव्होफ्लॉक्सासिन किंवा त्याच गटातली गोळी दिली जाते. या गटाने टाचेमागची शीर (पोटरीच्या स्नायूला टाचेशी जोडणारी दोरी, रक्ताची शीर नव्हे) दुखू शकते, क्वचित तुटतेही. वय ६० च्या पुढे आणि सोबत स्टेरॉइड चालू असेल तर धोका वाढतो. गोळी सुरू असताना टाचेमागे दुखायला लागलं तर चालण्याचा व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरला कळवा. टीबीच्या उपचारातल्या पायराझिनामाइडने रक्तातलं युरिक अ‍ॅसिड वाढतं आणि सांधे दुखतात. तिथे मात्र स्वतःहून एकही गोळी सोडायची नाही, टीबीच्या दवाखान्यात जाऊन सांगायचं. पायावर सूज म्हणून लघवीची गोळी चालू असेल आणि रात्रीतून पायाचा अंगठा लाल होऊन ठणकू लागला तर तेही युरिक अ‍ॅसिडचंच दुखणं असण्याची शक्यता मोठी.

मान आणि खांद्यांचं दुखणं वेगळं. दम लागणारा माणूस खांदे वर उचलून श्वास घेतो. दिवसभर मानेचे स्नायू श्वासाच्या कामाला जुंपलेले, मग संध्याकाळी खांदे जड होतात. इथे शेकाने बरं वाटतं, पण खरा उपाय श्वास पोटाकडून घ्यायला शिकणं आणि खुर्चीत पुढे झुकून कोपरं मांडीवर टेकवणं. हातांना आधार मिळाला की मान मोकळी होते.

सातपुड्याच्या पट्ट्यातल्या, म्हणजे धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, शिरपूर, चोपडा, यावल, रावेरकडच्या रुग्णांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगते. तिथल्या आदिवासी समाजात सिकलसेलचं (रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजाराचं) प्रमाण जास्त आहे. सिकलसेलमध्ये हाडं-सांधे भयंकर दुखतात, खुबा खचतो आणि छातीतही गंभीर त्रास होतो. तरुण वयापासून अशी दुखणी येत असतील आणि कधी तपासणी झालेली नसेल तर ती आधी करून घ्या, सरकारी दवाखान्यात होते. सिकलसेल असलेल्या माणसाला ताप, छातीत दुखणं आणि धाप एकदम सुरू झाली तर व्यायामाचा विचारच नको, थेट मोठं रुग्णालय गाठायचं.

पावसाळ्यात ताप येऊन गेल्यावर सगळेच सांधे धरले असतील तर चिकनगुनिया आठवा. तो महिनोन्महिने रेंगाळतो. आणि हाताच्या बोटांचे सांधे दोन्ही बाजूंनी सुजलेले, सकाळी तासाभराहून जास्त ताठर, असं असेल तर संधिवाताची रक्ततपासणी हवी, कारण तो आजार स्वतःच फुप्फुसांवर जाऊ शकतो.

थांबू नका, लगेच दाखवा

एकच सांधा गरम, लाल, सुजलेला आणि अंगात ताप. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली आणि दम अचानक वाढला. यात शिरेतली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते, १०८ ला फोन करा. वाकून कळशी उचलली आणि पाठीत कट्कन होऊन दुखणं बसलं, विशेषतः स्टेरॉइड घेणाऱ्यांत. डाव्या खांद्यात-जबड्यात दुखणं आणि घाम.

आणखी एक चित्र मी कधी नजरेआड करत नाही. बोटांची टोकं फुगीर, नखं पोपटाच्या चोचीसारखी वळलेली, मनगटं आणि घोटे दुखतात, वजन उतरतंय, कधी बेडक्यात रक्त. बिडी ओढणाऱ्या माणसात हे दिसलं तर सांध्याचं औषध देण्याआधी छातीचा फोटो काढायलाच हवा. फुप्फुसाच्या गाठीचं ते लक्षण असू शकतं. तसंच खांद्यापासून हातभर जाणारं, रात्री झोपू न देणारं दुखणं, ज्यात खांदा मात्र सगळीकडे मोकळा फिरतो, तेही.

तिसरी पायरी : गोळी घेण्याआधी

मेडिकलवरून 'दुखण्याची द्या' म्हणून आणलेली पट्टी हा इथला सर्रास उपाय. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या स्टेरॉइडसोबत घेतल्या तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. मूत्रपिंडावर ताण येतो, अंगात पाणी धरतं, आणि फुप्फुसाच्या आजाराने हृदयावर भार आलेला असेल तर पाय आणखी सुजतात. काही दमेकऱ्यांना तर या गोळीनेच दम उठतो. त्यापेक्षा दुखऱ्या गुडघ्यावर त्याच औषधाचं जेल चोळलेलं परवडतं, रक्तात फार कमी जातं. गोळी लागलीच तर आधी पॅरासिटामॉल, तेही तुमच्या यकृताची-मूत्रपिंडाची स्थिती माहीत असलेल्या डॉक्टरने ठरवलेल्या मात्रेत.

ट्रॅमाडॉल, कोडीन, झोपेच्या गोळ्या, नसांसाठी दिली जाणारी प्रेगाबालिन, गाबापेंटिन ही मंडळी श्वास मंदावू शकतात. ज्यांचा कार्बन डायऑक्साइड आधीच साठतो त्यांना सकाळी उठल्यावर डोकं जड, गुंगी, बडबड असं होतं. डॉक्टरला 'मला फुप्फुसाचा आजार आहे' हे दर वेळी सांगा, हाडांच्या डॉक्टरलाही.

आठवडी बाजारात किंवा कुणाच्या ओळखीने मिळणारी 'सांधेदुखीची पुडी' घेऊ नका. तीन दिवसांत माणूस उठून चालायला लागतो आणि दमही मोकळा होतो, म्हणून विश्वास बसतो. अशा पुड्यांत लपवलेलं स्टेरॉइड अनेकदा सापडलेलं आहे. चेहरा गोल होणं, साखर वाढणं ही त्याची खूण. घेत असाल तर लाज न बाळगता डॉक्टरला सांगा आणि एकदम बंदही करू नका, ते का हे वर आलंच आहे.

चौथी पायरी : व्यायामाची नवी रीत

अडचण अशी की गुडघ्याच्या व्यायामाचा छापील कागद माणसाला पाठीवर झोपवतो, आणि दमेकऱ्याला सपाट झोपवत नाही. छातीच्या व्यायामाचा कागद भराभर चालायला सांगतो, आणि गुडघा चालू देत नाही. दोन्ही कागद घरात असतात, व्यायाम एकही होत नाही. म्हणून खालचा क्रम मी बसून करण्याजोगा ठेवला आहे. पहिल्यांदा तो तज्ज्ञासमोर करा.

तयारी : श्वासनलिका मोकळी करणारा पंप दिला असेल तर सुरुवातीच्या १५-२० मिनिटं आधी घ्या. बोटाला ऑक्सिमीटर लावा, पण बोटावर मेंदी किंवा नखाला रंग नको आणि हात थंडगार नको, आकडा चुकतो. व्यायामात ऑक्सिजन ८८ च्या खाली जात असेल तर थांबा आणि ऑक्सिजन लावून व्यायाम करायचा का हे विचारून घ्या. पोट भरलेलं नसावं. जेवणानंतर किमान तासभर जाऊ द्या.

पाच मिनिटं अंग मोकळं करा. खुर्चीत बसल्या बसल्या घोटे गोल फिरवा, पाय पुढे-मागे सरकवा, खांदे मागे वळवा. थंडीच्या दिवसांत ताठर सांध्यावर आधी दहा मिनिटं शेक. सुजलेल्या सांध्यावर शेक नको, व्यायामानंतर फडक्यात गुंडाळलेला बर्फ.

१. मांडी आवळणं. भिंतीला टेकून, पाठीमागे उशा लावून अर्धवट बसा. गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल. टॉवेल खाली दाबत मांडी आवळा, मोठ्याने पाच आकडे मोजा, सोडा. मोठ्याने मोजायचं ते यासाठी की बोलताना श्वास कोंडता येत नाही. दहा वेळा. गुडघा फार दुखतो त्या दिवशीही हा चालतो.

२. बसून पाय सरळ करणं. पक्क्या खुर्चीत बसून एक पाय हळू सरळ करा, ओठांचा चंबू करून श्वास सोडत. हळू खाली. ८ ते १२ वेळा, मग दुसरा. आठवड्याने दुखणं वाढलं नसेल तर घोट्याला अर्धा किलो डाळीची पिशवी बांधा, पुढे एक किलो. गुडघ्याच्या वाटीत टोचत असेल तर पूर्ण वाकलेल्या स्थितीपासून सुरू न करता अर्ध्यावरून सरळ करा.

३. खुर्चीतून उठणं-बसणं. माझ्या मते सगळ्या यादीतून एकच निवडायचा झाला तर हा. पण उंचीचं गणित जमलं पाहिजे. साध्या प्लास्टिकच्या खुर्चीवर दोन घट्ट उशा ठेवा, म्हणजे बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा खाली राहतील. खुर्ची भिंतीला टेकवा, सरकता कामा नये. पाय थोडे मागे, पुढे झुका, श्वास सोडत उठा, उभं राहून श्वास घ्या, पुन्हा सोडत हळू बसा. पाचपासून सुरुवात. हातांचा आधार घेतला तरी चालेल. दोन आठवड्यांनी एक उशी काढा. रावेरकडचे एक अप्पा, केळीच्या बागेत आयुष्य गेलेले, पहिल्या दिवशी चार वेळाच उठू शकले आणि रागावून गेले. उशा वाढवल्यावर आठ झाले. दोन महिन्यांनी ते उशांशिवाय बारा वेळा उठत होते. गुडघ्याची झीज तेवढीच होती.

४. टाचा उचलणं. ओट्याच्या कडेला किंवा खिडकीच्या गजाला धरून. टाचेमागे दुखत असेल तर हा वगळा.

हे आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक. सुरुवातीला एक फेरी, मग दोन.

चालणं मात्र बहुतेक रोज, पण तुकड्या-तुकड्यांनी. एक मिनिट चाला, एक मिनिट थांबा. असं करत दहा मिनिटं भरू द्या. हळूहळू दोन मिनिटं चाल, एक विश्रांती. पुढे एकूण २०-३० मिनिटांपर्यंत. दम १० पैकी ४ च्या आसपास असावा, तुटक का होईना वाक्य बोलता यायला हवं. अशा तुकड्यांनी छातीलाही कमी धाप लागते आणि सांध्याला सलग मार बसत नाही. जागा सपाट निवडा. चढ-उताराची, खडी उखडलेली गल्ली नको.

काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरा. उजवा गुडघा दुखतो तर डाव्या हातात. उभं राहून हात सैल सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते तेवढी काठीची उंची. ज्यांचा दम आणि गुडघा दोन्ही अडवतात त्यांना चाकांचा, बसायला जागा असलेला वॉकर फार उपयोगी. त्यावर हात टेकले की पायांवरचं वजनही कमी होतं आणि श्वासालाही आधार मिळतो. म्हातारपणाची निशाणी म्हणून लोक तो नाकारतात, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

चालणं अगदीच जमत नसेल तर व्यायामाची सायकल, सीट इतकी उंच की पेडल खाली असताना गुडघा जवळजवळ सरळ होईल. किंवा खुर्चीसमोर ठेवायचं पेडलचं छोटं यंत्र. काही आठवडे फक्त हातांचा व्यायामही चालतो, अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन. खांदा दुखत असेल तर हात खांद्याच्या वर नेऊ नका.

जास्त झालं की कमी, कसं कळायचं?

व्यायाम करताना १० पैकी ४ पर्यंत दुखणं चालतं. संपल्यावर दोन तासांनी पुन्हा बघा. आधीपेक्षा जास्त दुखत असेल किंवा दुसऱ्या दिवशी सांधा सुजला असेल तर पुढच्या वेळी निम्मं करा. बंद नाही, निम्मं. स्नायूंचं दुखणं एक-दोन दिवस राहतं, ते मांडीच्या मध्यावर असतं आणि दाबलं की कळतं. सांध्याचं दुखणं सांध्याच्या रेषेवर. हा फरक एकदा कळला की भीती बरीच कमी होते.

हाताची बोटं दुखतात त्यांच्यासाठी

याकडे कुणाचं लक्ष जात नाही. बोटांचे सांधे धरलेले असले तर पंप नीट दाबला जात नाही, कॅप्सूल घालून औषध ओढायचं यंत्र फिरवता येत नाही. औषध छातीत नीट पोचतच नाही, आणि 'औषध लागू पडत नाही' म्हणून नवीन लिहून दिलं जातं. दोन्ही हातांनी दाबा, स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी) वापरा. तरी जमत नसेल तर डॉक्टरसमोर पंप घेऊन दाखवा आणि वेगळं यंत्र मागा.

घर, ऊन आणि ताट

जमिनीवर बसून जेवणं आणि भारतीय पद्धतीचा संडास, हे दोन्ही गुडघ्याला आणि दमाला एकाच वेळी महाग पडतात. उकिडवं बसलं की पोट दाबून श्वासाचा पडदा वर ढकलला जातो. संडासावर ठेवायची खुर्ची मिळते, ती घ्या. झोळ पडलेल्या बाजेवरून उठणं कठीण असतं, तिची उंची वाढवा किंवा पलंग वापरा. ऑक्सिजनची नळी पायात येऊन पडायला होतं, भिंतीच्या कडेने न्या.

एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तेव्हा व्यायाम सकाळी सातच्या आत, नाहीतर घरात पंख्याखाली. पाणी किती प्यायचं हे हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी विचारून ठरवावं. हिवाळ्यात उलट, पहाटेचा धूर-धुकं ओसरू द्या आणि ऊन वर आल्यावर बाहेर पडा.

भरीताचा हंगाम आला की कापसाच्या काड्यांवर वांगी भाजली जातात. भरीत जरूर खा, पण भाजायला तुम्ही बसू नका, तो धूर तुमच्यासाठी नाही. वांग्याने सांधे धरतात असं म्हणतात, पण त्यासाठी ते सोडण्याची गरज नाही. खरी अडचण तेलाच्या तवंगाची आणि भरल्या पोटाची आहे. थोडं थोडं, चार-पाच वेळा खा. मांडीला प्रथिनं हवीत, म्हणून कळण्याची भाकरी, उडदाची डाळ, शेंगदाणे, दूध, चालत असेल तर अंडी. हाडांसाठी तीळ, नागली. स्टेरॉइड वारंवार होत असेल तर ड जीवनसत्त्व आणि हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्या. एवढं ऊन असूनही घरात बसलेल्या म्हाताऱ्या माणसांत ड जीवनसत्त्व कमी निघतं. वजन जास्त असेल तर चार-पाच किलो उतरले तरी गुडघ्याला कळतं. मात्र आधीच हडकुळ्या माणसाने वजन उतरवायचं नाही, त्याचं मांस जातं.

मध्येच दम वाढून दवाखान्यात राहावं लागलं तर परत आल्यावर जुन्या आकड्यांवरून सुरुवात करू नका. उशा पुन्हा दोन ठेवा, वजनाची पिशवी काढा, चालणं एक-एक मिनिटावर आणा आणि वहीत नवीन तारीख टाका.